‘सगळं छान आहे’ म्हणणारी आई पुढच्या डोसला का येत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजते. तुम्ही उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून नव्यानं रुजू झालात. वरून फॉर्म आला, म्हणून लसीकरण सत्राला आलेल्या आयांना ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असं विचारलंत आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘हो, सगळं छान आहे’ म्हटलं. पण ड्यू लिस्ट (कोणत्या बाळाचा कोणता डोस बाकी ती यादी) उघडली की पेंटा-१, म्हणजे पाच रोगांवरच्या लसीचा दीड महिन्याचा पहिला डोस, घेतलेली बरीच बाळं गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसला दिसत नाहीत. मग आया खोटं बोलतात की फॉर्मच चुकीचा आहे? आणि खरं समाधान मोजायचं आणि वाढवायचं कसं?

आया खोटं बोलत नाहीत, त्या रीत सांभाळतात. अंगणवाडीच्या ओट्यावर, ज्या सिस्टरनं आत्ताच बाळाला टोचलं आणि जिच्याकडे पुढच्या महिन्यात परत यायचंय, तिच्यादेखत कोण तक्रार करील? लस फुकट मिळते, आशाताई बहुधा भावकीतली किंवा शेजारची. अशा ठिकाणी ‘छान आहे’ हा आभाराचा शब्द असतो, अभिप्राय नसतो. शिवाय जिचं मन खरंच दुखावलं ती तुमच्या फॉर्मपर्यंत आलेलीच नाही. ती त्या वेळी कापूस वेचायला गेलेली असते. म्हणजे तुमच्या मोजणीत दोन दोष एकदम आले: विचारण्याची जागा चुकली आणि ज्यांना विचारायला हवं त्या गळून गेल्या.

आधी गळती कुठे आहे ते काढा. नेहमीचं सूत्र तुम्हाला माहीत असेल: पेंटा-१ मधून एमआर-१ (गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा पहिला डोस) वजा, भागिले पेंटा-१, गुणिले १००. उत्तर १० च्या वर गेलं तर सेवेत काही तरी बिघडलंय असं धरतात. पण एका उपकेंद्राला हे सूत्र जपून वापरावं लागतं. ५,००० लोकवस्तीत, जन्मदर हजारी १५ धरला तर, वर्षाला ७५ च्या आसपास बाळं. त्यात यंदा एमआर घेणारी बरीच बाळं गेल्या वर्षी पेंटा घेतलेली. दहा बाळं इकडची तिकडे झाली की टक्केवारी वेडीवाकडी होते. त्यापेक्षा नाव लावून बघा: गेल्या वर्षी ज्यांना पेंटा-१ दिली त्या प्रत्येक बाळापुढे शेवटचा डोस कोणता ते लिहा. पेंटा-१ ते पेंटा-३ (साडेतीन महिन्यांचा डोस) च्या मधेच बाळं सुटत असतील तर बहुतेक वेळा कारण ताप, घालूनपाडून बोलणं किंवा परत पाठवणं हे असतं. साडेतीन महिन्यांनंतर सुटत असतील तर पुढच्या साडेपाच महिन्यांत विसरणं, स्थलांतर आणि माहेर-सासर ही कारणं शोधा. उपाय दोन्हीकडे वेगळे आहेत, म्हणून ही विभागणी आधी हवी.

आता विचारायचं कोणाला. सत्राला आलेल्यांना नाही. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आशाची वही आणि अंगणवाडीचं रजिस्टर समोरासमोर ठेवून १२ ते २३ महिन्यांच्या सगळ्या बाळांची एक यादी करा. ती सत्तरच्या आसपास निघेल. एवढ्यांत नमुना कशाला निवडता? सगळ्यांच्याच घरी जा, तीन-चार आठवड्यांचं काम आहे. प्रबंधासाठी मोठ्या भागात करायचं असेल तर ९५ टक्के विश्वासपातळी, १० टक्के चूक आणि ५० टक्के अपेक्षित प्रमाण धरून ९६ येतात. गावं निवडून करणार असाल तर त्याची दुप्पट धरा आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आधी घ्या.

प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या गावची आशा किंवा एएनएम (लस टोचणारी सिस्टर) नको. शेजारच्या उपकेंद्राशी अदलाबदल केली तरी चालतं. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली बोलणारी बाई सोबत हवी; प्रमाण मराठीत विचारलं की मान डोलावून ‘हां’ येतं आणि तुम्ही ते समाधान म्हणून लिहिता.

आणि प्रश्न मताचा नको, घडल्या गोष्टीचा हवा. ‘समाधानी आहात का’ याऐवजी असं विचारा: मागच्या डोसला घरून किती वाजता निघालात, परत कधी आलात? कधी लस न घेताच परत यावं लागलं का, काय सांगितलं होतं? त्या रात्री बाळाला काय झालं, तुम्ही काय केलंत, कोणाला विचारलंत? पुढचा डोस कधी? (हे तोंडी ऐका आणि मग कार्ड बघा.) ओरडा खाल्ल्याबद्दल थेट विचारलं तर उत्तर मिळत नाही, म्हणून तिऱ्हाइतावर ढकला: ‘इथे बायकांना कधी ओरडा बसतो का, कशावरून?’ स्वतःचं सोडून सगळं सांगतात, आणि त्यात स्वतःचंही असतं. शेवटी एकच मताचा प्रश्न ठेवा: ‘धाकट्या जावेला बाळ झालं तर तिला इथेच ये म्हणाल का?’ पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीपेक्षा हा प्रश्न खेड्यात जास्त काम देतो, कारण जावेला दिलेला सल्ला अंगावर येऊ शकतो हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

उत्तरं हातात आली की बहुतेक ठिकाणी चार-पाचच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. सगळ्यांत जास्त संताप आणणारं कारण म्हणजे रिकाम्या हाती परत पाठवणं. त्यामागे सिस्टरचा आळस नसतो, वायलचं (लसीच्या बाटलीचं) गणित असतं. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधराएक बाळं. म्हणजे महिन्याच्या सत्राला नऊ महिने पूर्ण झालेलं एखादं, आणि एमआर-२ चं एखादं. वायल ५ किंवा १० डोसची. एमआर आणि बीसीजी (क्षयावरची लस) विरघळवली की ४ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. उघडलेली वायल २८ दिवस चालते हा नियम पेंटा, पीसीव्ही (न्यूमोनियावरची), आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस), पोलिओचे थेंब यांना आहे, एमआर-बीसीजीला नाही. मग वाया गेलेल्या डोसचा जाब नको म्हणून ‘पुढच्या महिन्यात या, चार मुलं जमू द्या’ असं होतं. नियम मात्र स्पष्ट आहे: एका बाळासाठीही वायल उघडायची. वाया जाणं मागणीतच धरलेलं असतं, बीसीजीला तर निम्मं. हे एएनएमला तुम्ही तोंडी सांगून भागत नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मासिक बैठकीत सगळ्यांसमोर सांगायला हवं, म्हणजे तिची भीती जाते. परत गेलेल्या आईची बुडालेली मजुरी कोणत्याच टॅली शीटवर (सत्राच्या हिशेबाच्या कागदावर) येत नाही. वाया गेलेली वायल मात्र लगेच दिसते. खरी गोम इथेच आहे.

परत पाठवण्याची दुसरी तऱ्हा: ‘सर्दी आहे, खोकला आहे, बरं झालं की आणा.’ साधी सर्दी, खोकला, हगवण, किरकोळ ताप यांनी लस थांबत नाही. पावसाळ्यात गावातल्या निम्म्या बाळांची नाकं वाहत असतात. त्यांना थांबवलं तर सत्र रिकामंच जाईल. तिसरी तऱ्हा: उशिरा आलेल्या आईला झापणं आणि ‘आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल’ म्हणणं. चुकीचं आहे. जिथे सुटलं तिथून पुढे चालू, दोन डोसांत किमान ४ आठवडे. पेंटा वर्षाच्या आत सुरू व्हायला हवी, एमआर ५ वर्षांपर्यंत देता येते. उशिरा आलेली आई ही आलेली आई आहे, तिला आधी बसायला द्या.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर सत्रात नसून त्या रात्री घरात आहे, असं माझं मत आहे.

दीड महिन्याचा डोस डोळ्यांसमोर आणा. सव्वा महिना घराबाहेर न पडलेली बाळंतीण पहिल्यांदाच बाळ घेऊन निघते. बाळाला पोलिओचे २ थेंब, रोटा (जुलाबांवरची तोंडातून द्यायची लस), डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर कातडीत आयपीव्ही ०.१ मिली. एका बैठकीत तीन सुया. घरी जाईपर्यंत बाळ झोपतं. संध्याकाळी अंग तापतं, मांडी सुजते, दूध नीट पीत नाही, रात्रभर किरकिर. आणि सासू म्हणते, ‘चांगलं खेळत होतं, तूच नेऊन आजारी केलंस.’ नवराही उठून बसतो. त्या रात्री त्या घरात आईची बाजू घेणारं कोणी नसतं. अडीच महिन्याच्या डोसला ती आली नाही तर लसीवरचा विश्वास उडाला असं लगेच समजू नका. तिला पुन्हा बोलणी खायची नसतात.

म्हणून ताप येईल हे आधी सांगणं हाच सगळ्यात मोठा उपाय, आणि ते घरच्यांसमोर सांगणं त्याहून मोठा. चार गोष्टी सांगायच्या हे प्रशिक्षणात शिकवतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. पाठ सगळ्यांना असतं. गर्दीत दुसरी गोष्ट गळते, कारण ‘ताप येईल’ म्हटलं तर आई पळेल असं वाटतं. होतं उलटं. न सांगता आलेला ताप लसीची चूक ठरतो, सांगून आलेला ताप सिस्टरचा शब्द खरा करतो.

सांगायचं ते नेमकं सांगा. पेंटाचा ताप त्याच दिवशी संध्याकाळी येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. एमआरचा ताप मात्र आठवड्यानं, साधारण ६ ते १२ दिवसांच्या दरम्यान, कधी बारीक पुरळासह. हे सांगितलं नाही तर आई तो ताप लसीशी जोडत नाही आणि गोळ्या-इंजेक्शनांवर पैसे घालवते, किंवा जोडते आणि ‘लसीनंच गोवर निघाला’ म्हणते. सुजेवर ओलं स्वच्छ फडकं ठेवा. चोळू नका, शेकू नका, हळद-तेल लावू नका. अंगावर पाजत राहा. बीसीजीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी पुळी येते, फुटते आणि व्रण राहतो. ती पिकलेली बघून घाबरणाऱ्या आया खूप, तेही जन्माच्या डोसलाच सांगून टाका.

तापाच्या औषधाची इथे मोठी गफलत होते. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी. दीड महिन्याचं ४ किलोचं बाळ असेल तर ४० ते ६० मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमची गोळी हातात देऊन ‘पाव द्या’ म्हटलं की १२५ मिलिग्रॅम होतात, दुपटीहून जास्त. मिलीला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर अर्धा मिली, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर २ मिली. केंद्रात कोणती बाटली येते ते बघून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वजनानुसार तक्ता करून घ्या आणि टेबलावर चिकटवा. दोन मात्रांत ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ताप आल्यावरच द्यायचं. येईल म्हणून आधीच नको.

घाबरायचं कधी, तेही सांगा: तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, बाळ लुळं पडणं, श्वास लागणं, ताप किंवा सूज उतरायच्या ऐवजी वाढत जाणं. मग घरगुती काही न करता १०८. टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगताना कारणही सांगा, की क्वचित येणारी तीव्र प्रतिक्रिया बहुतेक लवकरच येते आणि तेव्हा औषध इथे हाताशी आहे. कारण न सांगता थांबवलेला अर्धा तास आईला ताटकळणं वाटतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. ‘बाळ कसं आहे, रात्री झोपलं का?’ एवढंच. सत्र संपल्यावर टोचलेल्या बाळांची यादी आणि नंबर आशाकडे द्यायचे, पेंटाची बाळं आधी. गावात एका सत्राला अशी पाच-सात बाळं असतात, पंधरा मिनिटांचं काम. फोन शक्यतो सासूच्या हातात द्या. मजुरी, रांग, ओरडा यांतलं बरंच या एका फोनानं माफ होतं.

सुयांचा घोळही आधी सोडवा. दीड महिन्याला तीन, अडीच महिन्याला एकच, साडेतीन महिन्याला पुन्हा तीन, नऊ महिन्यांना पुन्हा तीन (उजव्या दंडात एमआर, डाव्या दंडावर आयपीव्हीचा तिसरा डोस, मांडीत पीसीव्ही बूस्टर) आणि वर ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ मिलीचा डोस. आयपीव्हीचा हा तिसरा डोस २०२३ पासून आला. थोरल्या मुलाच्या वेळी तो नव्हता, म्हणून ‘हिला जास्त का टोचता?’ हा प्रश्न रास्त आहे. टोचताना आधी तोंडातले डोस, मग कमी दुखणारी सुई, जास्त दुखणारी शेवटी. बाळ आडवं दाबून धरू नका. आईच्या मांडीवर उभं, छातीशी. पाजता पाजता टोचता आलं तर उत्तमच. ‘काही दुखत नाही’ असं म्हणू नका, पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही.

शहराजवळच्या गावांत आणखी एक प्रश्न येतो: खाजगी दवाखान्यात ‘ताप न येणारी’ लस मिळते म्हणे. मिळते. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या प्रकारे बनवलेला असतो, म्हणून ताप कमी येतो. सरकारी लसीत पूर्ण जंतू, मारलेला, असतो. ताप थोडा जास्त, पण डांग्या खोकल्यापासून संरक्षण जास्त टिकतं असं मानतात. हे असंच सांगा. ‘ते पैसे उकळतात’ म्हणून उडवून लावलं तर आई गप्प बसते आणि तिकडे जाते.

वेळेबद्दल थोडक्यात. एकाच एएनएमनं कार्ड, रजिस्टर, टॅली शीट, यू-विन (लसीकरणाची ऑनलाइन नोंद) आणि सुई असं सगळं करायचं ठरलं तर दहा बाळांना दुपार होते. दोन सत्रांत प्रत्येक कार्डावर आल्याची आणि गेल्याची वेळ पेन्सिलीनं टाका, कुठे तुंबतं ते कळेल. बहुतेक ठिकाणी ते नोंदीत तुंबतं. वजन आणि यादी बघणं अंगणवाडीताईकडे, नोंद तुमच्याकडे, टोचणं सिस्टरकडे, अर्ध्या तासाच्या थांब्यात चार गोष्टी सांगणं आशाकडे. कॅरिअर (लस थंड ठेवून आणायचा डबा) उशिरा पोचत असेल तर ती वेळही लिहा; आईला १० ची वेळ देऊन लस ११:३० ला आली तर दोष रांगेवर येतो, खरा दोष वाहतुकीचा असतो. खुरपणी-वेचणीच्या दिवसांत मजूर बायकांना सकाळी लवकरची वेळ लागते. ती जमेल की नाही हे केंद्रापासूनच्या अंतरावर आणि गाडीवर अवलंबून आहे, म्हणून आश्वासन देण्याआधी मायक्रोप्लॅन (सत्रांचं ठरलेलं नियोजन) बघा.

साडेतीन महिन्यांनंतरची गळती मात्र वागणूक सुधारून भरत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, दीड महिन्याचा डोस माहेरी, मग सासरी. माहेरच्या यादीत ‘गाव सोडलं’ आणि सासरच्या यादीत नावच नाही. निरोपाच्या वेळी, म्हणजे बारसं-बोळवणीच्या आसपास, माहेरच्या आशानं सासरच्या आशाला फोन करायचा आणि कार्डाचा फोटो पाठवायचा, एवढी रीत पाडली तरी बरंच सावरतं. बीड-नगर भागातल्या ऊसतोड कुटुंबांचं नऊ महिन्यांचं बाळ दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर असतं. त्यांना निघण्याआधीच सांगा की देशात कुठल्याही सरकारी सत्रात लस फुकट मिळते, गावचा दाखला लागत नाही. कार्ड गाठोड्यात हरवतं, म्हणून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर फोटो ठेवा. तुमच्या हद्दीत तळ, वीटभट्टी किंवा खाणकामाची पालं असतील तर त्या आयांनाही तुमच्या सत्तरच्या यादीत घ्या. त्या कोणाच्याच समाधानाच्या सर्वेक्षणात नसतात.

सुरुवात सगळीकडून एकदम करू नका. आधी दोन गोष्टी तीन महिने लावून धरा: एका बाळासाठीही वायल उघडणं, आणि पेंटानंतर सकाळचा फोन. त्यानंतर त्याच आयांकडे त्याच प्रश्नांनी परत जा, शेजारच्या उपकेंद्राच्या माणसाला घेऊन. ‘समाधानी’चा आकडा खाली आलेला दिसला तर घाबरू नका, विश्वास बसला की बायका खरं सांगू लागतात, तेव्हा असं होतं. बघायचं ते हे: परत गेलेल्या आयांची संख्या, पुढची तारीख तोंडपाठ सांगणाऱ्यांची संख्या, आणि अडीच महिन्याच्या डोसला वेळेवर आलेली बाळं. वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे हे तीन आकडे ठेवा आणि जुना फॉर्म, वरून मागितलाच आहे म्हणून, भरून पाठवा.